उष्णतेची मोट

नॉर्वे देशाची राजधानी ओस्लो. तिथून चाळीसएक किलोमीटरवर द्रामेन नावाचे शहर आहे. समुद्राचा एक लांबट हात डोंगरांच्या कुशीतून आत शिरून या शहरापर्यंत येऊन पोचला आहे. अशा हाताला तिकडे फ्योर्ड म्हणतात. हिवाळ्यात इथे बर्फ पडतो आणि सूर्य दुपारीच मावळतीला लागतो. फ्योर्डच्या खोल पाण्याचे तापमान आठ-नऊ अंश सेल्सिअस. हात बुडवला तर बोटे बधिर व्हावीत. आणि मौज अशी की, २०११ सालापासून या शहरातल्या कितीतरी इमारतींना ऊब मिळते ती याच गारढोण पाण्यातून! आठ अंशांचे पाणी यंत्रात शिरते, चार अंशांचे होऊन समुद्रात परतते, आणि वाटेत त्याने जी उष्णता मागे ठेवली ती नव्वद अंशांच्या कढत पाण्याच्या रूपाने नळांतून शहरभर फिरते. सुमारे तेरा मेगावॅट शक्तीचा हा कारखाना आहे, आणि त्याच्या पोटात जो पदार्थ खेळतो तो अमोनिया. नवसागर आणि चुना तळहातावर चोळून मूर्च्छा आलेल्याच्या नाकाशी धरीत, तेव्हा जो झणझणीत दर्प उठे, तोच हा वायू.

या अमोनियाला आणि त्याच्या दोन भावंडांना माणसाने एकदा घराबाहेर काढले होते. ते का काढले, त्यांच्या जागी कोण आले, आणि हे वनवासी पुन्हा कसे परतले, ही हकीकत मला सांगावयाची आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पोटासाठी मास्तरकी आणि हौसेसाठी कादंबऱ्या. पण या हकीकतीत कादंबरीकाराला हेवा वाटावा असा मालमसाला आहे, आणि मास्तराला वर्गात सांगता येईल असा एक धडाही आहे.

प्रथम यंत्राचे मर्म समजून घेऊ. आता मोटा राहिल्या नाहीत. जुन्या विहिरींच्या काठी धाव आणि थारोळे तेवढे उरले आहे. तरी मोटेचे चित्र वाचकांच्या डोळ्यांपुढे सहज उभे राहील. पाणी आपल्या स्वभावाने खाली जाते. ते वर आणावयाचे तर बैलांना धावेवरून खाली चालवावे लागते. बैल पाणी निर्माण करीत नाहीत. विहिरीत असलेले पाणी ते वर काढतात, एवढेच. उष्णतेचेही असेच आहे. ती आपण होऊन गरमाकडून गाराकडे जाते. उलट्या दिशेने न्यावयाची तर कोणाला तरी कष्ट करावे लागतात. हे कष्ट विजेचा पंप करतो. आपल्या घरातले शीतकपाट हेच करते: आतल्या भाजीपाल्याची उष्णता उपसून पाठीमागच्या जाळीतून स्वयंपाकघरात ओतते. हेच यंत्र भिंतीच्या आतबाहेर उलटे बसवा, म्हणजे ते अंगणातली उष्णता उपसून घरात ओतील. त्यालाच हीट पंप म्हणतात. शेगडी एक युनिट विजेतून एकच युनिट उष्णता देते. हा पंप तेवढ्याच विजेत तीन-चार युनिटे देतो, कारण तो उष्णता तयार करीत नाही, नुसती वाहून आणतो.

आता ही मोट, म्हणजे कातड्याची पिशवी, कशाची करावयाची? इथे शीतक नावाचा पदार्थ येतो. हा असा द्रव हवा की जो अगदी थोड्या उष्णतेनेही उकळून वाफ होईल. बाहेरच्या थंडीत तो उकळतो आणि उकळताना भोवतालची उष्णता पितो. मग पंप त्या वाफेला दाबतो, दाबल्यामुळे ती तापते, आणि घरात येऊन पुन्हा द्रव होताना प्यालेली उष्णता ओकून टाकते. थंड मुलुखात बाहेरची हवा शून्याखाली वीस अंश असेल तर शीतक त्याहूनही खाली, पंचवीस-तीस अंशांवर, उकळला पाहिजे. विहीर जितकी खोल, तितकी मोट ओढणे जड. तेव्हा मोटेचे कातडे कसले, यावर सारे अवलंबून.

कल्पना जुनी आहे. १८३४ साली लंडनमध्ये राहणाऱ्या जेकब पर्किन्स या अमेरिकन गृहस्थाने ईथर उकळवून थंडावा निर्माण करणाऱ्या यंत्राचा पेटंट घेतला. त्याच सुमारास मुंबई-कलकत्त्याच्या साहेब लोकांसाठी अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ भुशात बांधून जहाजाने येत होता, हे आठवले म्हणजे पर्किन्सच्या स्वप्नाची झेप कळते. १८५२ मध्ये ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले, त्यांनी दाखवून दिले की हाच खेळ उलटा करून इमारती गरम ठेवता येतील, आणि तेही नुसता कोळसा जाळण्यापेक्षा कमी इंधनात. पुढे चारच वर्षांनी, १८५६ मध्ये, ऑस्ट्रियात एबेन्झे येथील मिठाच्या कारखान्यात पीटर फॉन रिटिंगर याने खाऱ्या पाण्याचीच वाफ दाबून तिची उष्णता पुन्हा कामाला लावण्याचा प्रयोग केला.

पण त्या काळी कोळसा स्वस्त, लाकूड मुबलक. उष्णतेला गिऱ्हाईक नव्हते. गिऱ्हाईक होते थंडाव्याला. दारूच्या भट्ट्या, मांसाचे व्यापारी, बर्फाचे कारखानदार यांना यंत्रे हवी होती. १८७० नंतर जर्मनीत कार्ल फॉन लिंडे याने अमोनियाचे यंत्र नावारूपाला आणले. कोणी कार्बन डायऑक्साइड वापरला, कोणी सल्फर डायऑक्साइड, कोणी मिथाइल क्लोराइड. प्रोपेनसारखे जळाऊ वायूही पुढे आले. कारखान्यात हे सारे चालून गेले, कारण तिथे जाणते मिस्त्री असत. १९२० नंतर मात्र यंत्र स्वयंपाकघरात आले, आणि तिथे घात झाला.

रात्री नळी फुटावी, वायू पसरावा आणि सकाळी घरातली माणसे उठूच नयेत, अशा बातम्या वर्तमानपत्रांतून येऊ लागल्या. १९२९ साली शिकागो शहरात मिथाइल क्लोराइडने अनेक बळी घेतले. बर्लिनमध्ये मुलाबाळांसह एक कुटुंब असेच झोपेत गेल्याचे वाचून एक गृहस्थ फार अस्वस्थ झाला. त्याचे नाव आल्बर्ट आइन्स्टाइन. लिओ झिलार्ड या तरुण मित्राला हाताशी धरून १९२६ पासून त्याने, जिला गळण्यासारखे सांधेच नाहीत, अशी शीतयंत्रे योजावयास सुरुवात केली. त्यांना अमेरिकेचा पेटंटही १९३० मध्ये मिळाला. विश्वाचे कोडे उलगडणारा माणूस शीतकपाटाच्या नळ्यांशी झटत बसला, ही गोष्ट मला त्याच्या मोठमोठ्या सूत्रांहून अधिक जवळची वाटते. पण ती यंत्रे बाजारात आलीच नाहीत, कारण तोवर दुसऱ्याच माणसाने सोपा उपाय काढला होता.

त्याचे नाव थॉमस मिजली. तो अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीच्या संशोधनशाळेत होता. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची युक्तीही त्याचीच. १९२८ साली त्याला सांगण्यात आले की विषारी नाही आणि पेटतही नाही असा शीतक शोधून दे. मूलद्रव्यांचा तक्ता समोर ठेवून तो फ्लोरीनपाशी थांबला आणि तीन दिवसांत त्याला उत्तर सापडले. पहिला वायू बनवण्यासाठी त्याच्या माणसांनी एका क्षाराच्या पाच बाटल्या मागवल्या होत्या. त्यांतली एक सहज उचलली, वायू केला आणि एका गिनीपिगला त्यात ठेवले. प्राणी मजेत राहिला. दुसऱ्या बाटलीतून केलेल्या वायूने मात्र तो मेला. पुढे कळले की पाचांपैकी एकच बाटली शुद्ध होती आणि नेमकी तीच पहिल्यांदा हाती लागली होती. बाकीच्यांतल्या ओलाव्यामुळे फॉस्जीन हा जहाल वायू तयार होत होता. वाईट बाटली आधी उचलली असती तर कदाचित हा शोध तिथेच सोडून दिला गेला असता. कादंबरीत मी असा योगायोग घातला तर संपादक तो खोडून टाकतील!

१९३० साली अटलांटा शहरात रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने हा वायू छातीभर ओढून घेतला आणि हळूच सोडून समोरची जळती मेणबत्ती विझवली. एका फुंकरीत दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या: माणूस मरत नाही, आगही लागत नाही. सभागृहाने काय पाहिले ते पाहिले. ती फुंकर पुढे कुठवर गेली, हे कोणालाच दिसले नाही. या वायूला फ्रीऑन हे नाव मिळाले, आणि अमोनिया, कार्बन डायऑक्साइड, प्रोपेन यांना घरादारांतून निरोप. मिजली पुढे पोलिओने लुळा झाला. अंथरुणातून उठण्यासाठी त्याने दोऱ्या-चाकांची एक युक्ती केली होती. १९४४ मध्ये त्याच दोऱ्यांत अडकून त्याचा अंत झाला. आपल्या वायूने काय केले ते त्याला कधी कळले नाही.

दोष त्याच्या बुद्धीला देता येणार नाही. स्वयंपाकघरातले मृत्यू खरे होते आणि ते थांबले, हेही खरे. थंड देशांतल्या घरांनाही या वायूने मदत केली. स्वित्झर्लंडमध्ये कोळशाच्या खाणी नाहीत म्हटले तरी चालेल. तिथे झ्युरिकच्या जुन्या नगरभवनात १९३८ साली लिम्माट नदीच्या पाण्यातून उष्णता काढणारा पंप बसला. त्यात मिजलीचाच वायू होता. हा पंप त्रेसष्ट वर्षे चालला आणि २००१ मध्ये त्याला निवृत्ती मिळाली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर स्वीडनने असे पंप मोठ्या प्रमाणावर उभारले आणि स्टॉकहोमसारखे शहर समुद्राच्या पाण्यावर आपली घरे तापवू लागले. नळातून धूर नाही, अंगणात कोळसा नाही, सगळे स्वच्छ.

पण नळ्या गळतातच. गळलेल्या वायूचे पुढे काय होते, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो विचारला १९७४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी. त्यांचे उत्तर असे: हा वायू कशाशीच संयोग पावत नाही, म्हणून तो खाली मरत नाही. शंभर-शंभर वर्षे टिकतो, सावकाश वर चढतो, आणि तिथल्या प्रखर किरणांनी फुटला म्हणजे त्यातले क्लोरीन ओझोनचे छत्र खाऊन टाकते. म्हणजे ज्या गुणासाठी त्याला घरात घेतले, तोच गुण बाहेर अवगुण ठरला!

या कथेत एक भारतीय माणूसही आहे. वीरभद्रन रामनाथन हे मदुराईचे. इंजिनिअर झाल्यावर त्यांनी सिकंदराबादेत शीतकपाटांच्या एका कारखान्यात नोकरी धरली. काम काय, तर कपाटांतला वायू इतक्या लवकर का गळतो ते शोधणे. त्या कामात त्यांचे मन रमले नाही. पुढे ते अमेरिकेत गेले, ग्रहांच्या वातावरणाचा अभ्यास करू लागले, आणि १९७५ साली त्यांनी दाखवून दिले की हाच वायू सूर्याची ऊब पृथ्वीपाशी कोंडून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून अधिक तरबेज आहे. सिकंदराबादच्या कारखान्यात जो वायू त्यांच्या हातून निसटत होता, तो त्यांना शेवटी आकाशात गाठता आला.

१९८५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दक्षिण ध्रुवाकडील हॅली बे येथून ओझोनच्या छत्राला पडलेले खिंडार जगाला दाखवले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिऑल येथे करार झाला आणि जगातल्या झाडून साऱ्या राष्ट्रांनी पुढे त्यावर सही केली. भारत १९९२ मध्ये सामील झाला. माणसाने एकजुटीने काही केल्याची उदाहरणे मुलांना सांगावयाची वेळ येते तेव्हा मी हेच सांगतो. ते छत्र आता हळूहळू सांधते आहे.

मात्र कारखानदारांनी मिजलीच्या वायूच्या जागी आणले ते त्याचेच चुलत भाऊ. त्यांच्यात क्लोरीन नव्हते, म्हणून ओझोन वाचला. पण उष्णता कोंडण्याची खोड तशीच राहिली. आर-४१०ए नावाचा जो शीतक पुढे घरोघरच्या हीट पंपांत आला, त्याचा एक किलो हवेत गेला तर कार्बन डायऑक्साइडचे दोन हजार किलो सोडल्यासारखे होते. म्हणजे बघा, धूर नको म्हणून चूल विझवावी, आणि तिच्या जागी आणलेल्या यंत्राच्या नसांतूनच पृथ्वी तापवणारा पदार्थ ठिबकत राहावा! हा पेच सुटल्याशिवाय हीट पंपाला खऱ्या अर्थाने निर्मळ म्हणता येणार नव्हते.

तो सोडवण्याची वाट एका नॉर्वेजियन प्राध्यापकाने दाखवली. ट्रॉनहाइमच्या तंत्रविद्यालयातले गुस्ताव लोरेन्ट्सेन निवृत्तीच्या वयात होते. नवेनवे वायू बनवण्याची ही शर्यत त्यांना पटेना. ज्याच्या परिणामांची आपल्याला ओळख नाही असा पदार्थ जगभर सोडण्यापेक्षा, निसर्गात जो आधीच आहे तो का वापरू नये, असा त्यांचा साधा सवाल होता. त्यांनी अडगळीतला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढला. त्याची अडचण अशी की, एकतीस अंशांवर तो द्रव व्हायचे नाकारतो आणि त्याला शंभर वातावरणांच्या आसपास दाब लागतो. लोरेन्ट्सेनांनी १९९० च्या सुमारास या अडचणीतूनच गुण काढला. द्रव होत नसेल तर न होवो. तापलेला वायू थंड पाण्याला उष्णता देत देत निवत जाऊ दे. असे केले की गार पाणी थेट कढत करण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. २००१ मध्ये जपानने याच युक्तीवर घरगुती बंब बाजारात आणले. अभ्यंगस्नानाला ज्यांना कढत पाणी लागते त्या आपल्या वाचकांना हे कौतुक वाटेल, कारण जपानी माणूसही स्नानाचा तितकाच शौकीन. हल्ली याच मार्गाने डेन्मार्कमधील एस्बियर्ग बंदरात मोठा कारखाना उभा राहिला आहे. २०२४ मध्ये सुरू झालेला, सुमारे सत्तर मेगावॅटचा, उत्तर समुद्राच्या पाण्यातून पंचवीस हजार घरांना ऊब देणारा. जिथे पूर्वी कोळसा जळत होता, तिथे आता कार्बन डायऑक्साइड नळ्यांत कोंडून राबतो आहे. जो वायू साऱ्या जगाचा आरोपी, त्यालाच शिक्षा म्हणून मोट ओढावयास लावली आहे, असे म्हणावेसे वाटते.

दुसरे भावंड प्रोपेन. ते शून्याखाली बेचाळीस अंशांवर उकळते, म्हणून कडाक्याच्या हिवाळ्यातही कामाला येते. कार्बन डायऑक्साइडच्या तीन पटींहून अधिक ते पृथ्वीला तापवीत नाही. एकच दोष, ते पेटते. त्याच्या पुनरागमनाची कथा मोठी चटकदार आहे. जर्मनीचे एकीकरण झाल्यावर पूर्वेकडील शार्फेनश्टाइन गावचा शीतकपाटांचा जुना कारखाना बंद पडण्याच्या बेतात होता. डॉर्टमुंड येथील आरोग्यसंस्थेतल्या दोन शास्त्रज्ञांनी प्रोपेन-ब्यूटेनवर चालणारे कपाट तयार केले होते. १९९२ मध्ये ग्रीनपीस संस्थेने या दोघांची गाठ घालून दिली. मोठ्या कंपन्यांनी आगीची भीती घातली, पण गिऱ्हाइकांनी कपाट पाहण्याआधीच हजारोंनी मागण्या नोंदवल्या. संस्थेने युक्तीवर हक्कही सांगितला नाही. ज्याला हवी त्याने घ्यावी. दोन-तीन वर्षांत भीती घालणाऱ्या कंपन्याच तशी कपाटे करू लागल्या. तो मूळ कारखाना मात्र १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेला. वाट पाडणारा वाटेवरच राहतो, हे जगाच्या रीतीला धरूनच झाले.

ती वाट आपल्या दारापर्यंत आली आहे. तुमच्या घरचे शीतकपाट अलीकडचे असेल तर त्याच्या पाठीवरची पट्टी वाचा. बहुधा तिथे आर-६००ए लिहिलेले असेल. ते आयसोब्यूटेन, प्रोपेनचेच सख्खे भावंड. आपल्या पुण्याजवळील शिरवळच्या कारखान्यात गोदरेजने प्रोपेनवर चालणारी वातानुकूलन यंत्रे केली आणि २०१२ मध्ये ती बाजारात आणली. ‘अहो, घरात पेटणारा वायू?’ असे कोणी विचारील. ज्या गॅसवर आपण दिवाळीच्या चकल्या तळतो, त्याच्या टाकीत असला वायू चौदा किलो दोनशे ग्रॅम असतो, आणि घरोघर असतो. कपाटात तो काही तोळेच. थंड देशांतल्या हीट पंपात साधारण किलोभर लागतो, म्हणून तो भाग घराबाहेर अंगणात ठेवतात आणि घरात नुसते गरम पाणी येते. धोका नाही असे नव्हे. धोका ओळखीचा आहे, आणि ओळखीच्या धोक्याला कुंपण घालता येते.

१५ ऑक्टोबर २०१६ रोजी रुआंडातल्या किगाली शहरात माँट्रिऑलच्या कराराला जोड मिळाली. त्या चुलत भावांनाही टप्प्याटप्प्याने निरोप द्यावयाचे ठरले. भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्याला २०४७ पर्यंत त्यांचा वापर पंचाऐंशी टक्क्यांनी उतरवावयाचा आहे. युरोपने २०२४ च्या नव्या कायद्यात २०५० पर्यंत ते पुरते संपवावयाचे मनावर घेतले आहे. आज नॉर्वेत शंभरांपैकी साठाच्या आसपास घरांत हीट पंप आहेत. इतका थंड मुलूख, आणि उष्णतेच्या मोटा सर्वाधिक तिथेच! रसायनकारांनीही हार मानलेली नाही. त्यांनी आणखी नवे वायू काढले आहेत. ते हवेत काही दिवसांतच विरतात खरे, परंतु विरताना त्यांतल्या काहींपासून एक न कुजणारे आम्ल होऊन पावसाबरोबर खाली येते, आणि त्याचे पाण्यात काय होणार यावर युरोपात वाद चालला आहे.

या साऱ्या इतिहासात मला एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो: निरुपद्रवी. अटलांटाच्या सभेत तो शब्द खोटा नव्हता, अपुरा होता. वायू निरुपद्रवी होता तो सभागृहातल्या माणसांना, त्या संध्याकाळपुरता. सभागृहाच्या छपरावर काय, पन्नास वर्षांनी काय, हे कोणी विचारले नाही. अमोनियाचे तसे नाही. तो गळला की पहिल्याच क्षणी नाक झोंबते, डोळ्यांत पाणी येते आणि माणूस पळत सुटतो. आपल्या कोकणपट्टीवरील बर्फाच्या कारखान्यांतले कामगार हे चांगले जाणतात. तो दुष्ट असेल, पण कपटी नाही. ज्याचा उपद्रव तोंडावर कळतो त्याच्याशी संसार करता येतो. ज्याचा उपद्रव नातवंडांना कळणार, त्याच्याशी करावयाचा तो संसार नव्हे, कर्ज आहे.

द्रामेनचा तो अमोनियाचा कारखाना बांधणारी कंपनी ग्लासगोची आहे. याच ग्लासगोत केल्व्हिनने १८५२ मध्ये उष्णतेच्या मोटेचे गणित मांडले होते. मधली दीडशेहून अधिक वर्षे ही मोट कशाची करावी, हे शिकण्यात गेली. कातडे शेवटी जुनेच निघाले. ते हाताळण्याची शिस्त तेवढी नवी आहे.